बार्बरा लाव्हेलची फुली

"मुनेली नाही," फिंटन डर्कन म्हणाला. "पंचवीस साल पाहिलं, मागचं पाहिलं, पुढचं पाहिलं. डीलिया मुनेली नाही. डीलियांचं मूळ नाव ब्रिजिट असतं म्हणून तेही पाहिलं, तर ब्रिजिट मुनेलीही नाही. त्या सालात ड्रुमशीलमध्ये मुनेलींकडे मांजरसुद्धा व्यालेलं दिसत नाही."

डीलिया किलबेन काही बोलली नाही. शहरातल्या जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीत त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ती पाठ ताठ ठेवून बसली होती. डोक्यावर रविवारची टोपी, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात. तिला ओळखणाऱ्या कोणीही सांगितलं असतं की ही बाई गप्प आहे म्हणजे काहीतरी बिनसलं आहे. एरवी आयर्लंडच्या त्या मेयो परगण्यात एका कारकुनानं तिला 'नाही' म्हणावं आणि तिनं त्याच्या तीन पिढ्यांचा हिशेब काढू नये, असं झालेलं नव्हतं.

तिची नात ऊना मात्र काउंटरला चिकटून उभी होती. औषधांच्या दुकानात काम करणारी ऊना, हातात फायलींचा गठ्ठा घेऊन. "अहो, पण रविवारी हिला शंभर वर्षं होतायत. शंभरी गाठली की राष्ट्राध्यक्षांचं पत्र येतं, ते यायचंय. अर्जाला जन्मदाखला लावा म्हणतात. आता ही समोर बसलीय, जन्मली असणारच ना कुठंतरी?"

"मी नाही कुठं म्हणतोय? पण वहीत नाही."

"पेन्शनला लग्नाचा दाखला चालला होता."

"तोही पाहिला मी. लग्न सेहेचाळीस साली, नवरी डीलिया मुनेली, बाप मार्टिन मुनेली, मयत. पण लग्नात नवरी सांगेल ते लिहितात, बाई. जन्माच्या वेळी पोर काही सांगत नाही. तिथं जे असतं ते असतं."

डीलियानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "कुठल्या डर्कनांचा रे तू? टेकडीवरच्या की पुलाकडच्या?"

"पुलाकडच्या, मिसेस किलबेन."

"वाटलंच. पुलाकडच्यांना बोलायला आवडतं."

आणि तिनं पर्सवरचे हात पुन्हा जुळवले.

डीलियाचं सगळं आयुष्य सांगायचं तर दोन पानांत मावेल. अकराव्या वर्षी शाळा सुटली. चौदाव्या वर्षी ती बटाटे काढणाऱ्या टोळीबरोबर स्कॉटलंडला गेली. एकविसाव्या वर्षी पीटर किलबेनशी लग्न झालं आणि ती ड्रुमशील सोडून शहराच्या पार पलीकडच्या त्याच्या गावी आली. सात पोरं झाली, तीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी उकळल्या. वाचायला म्हणाल तर तिला दुकानांच्या पाट्या यायच्या आणि लिहायला स्वतःची सही. पुढ्यात कागद आला की ती म्हणायची, "चष्मा घरी राहिला, तूच वाच." चष्मा गळ्यात दोरीला लटकत असला तरी म्हणायची. घरात तिच्यापुढे कोणाची बोलायची टाप नव्हती. थोरला ऑस्टिन त्र्याहत्तर वर्षांचा झाला होता, तरी दाराशी बूट पुसल्याशिवाय आत पाऊल टाकत नव्हता.

एक गोष्ट मात्र ती वर्षानुवर्षं सांगत आली होती, पोरांना, नातवंडांना, पणतवंडांना. "माझी आजी अकरा मैल चालत शहरात गेली होती. पायात बूट नव्हते." कशाला गेली होती, असं कोणी विचारलं की म्हणायची, "कामाला." ऑस्टिन हसायचा. "आई, दर नाताळला तो रस्ता एक मैल वाढतो. मी लहान होतो तेव्हा सहाच होते." तिला राग यायचा, पण ती गोष्ट पुढे सांगायची नाही. पुढे सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं.

कचेरीचं दार उघडलं आणि काळा कोट घातलेली एक म्हातारी काठी टेकत आत आली. डीलियानं टोपी सारखी केली. या क्षणी जगातलं कुठलंही माणूस तिला चाललं असतं, अट्रॅक्टा मॉरन सोडून.

अट्रॅक्टा अठ्ठ्याऐंशीची. डीलियाच्या लेखी कालची पोर. सत्तर वर्षं दोघी एकाच गावात, चर्चमध्ये एकाच बाकाच्या दोन टोकांना बसत आलेल्या. दर रविवारी अट्रॅक्टाचा एखादा टोमणा ठरलेला. आणि अट्रॅक्टाची आई ड्रुमशीलची होती. या एका गोष्टीपायी डीलियानं सत्तर वर्षं तिच्याशी पाव्हण्यासारखं जपून बोलणं ठेवलं होतं.

"अगं बाई, डीलिया! तू इथं? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. माझ्या जन्माचा दाखला काढायला आलेय."

"इतक्या उशिरा?"

फिंटन डर्कननं खाली मान घालून कागद चाळले. त्याचे खांदे हलत होते.

"टॉमीचं ऐकलं मी," डीलिया म्हणाली. अट्रॅक्टाचा भाऊ सोमवारी गेला होता, त्याची नोंद करायला ती आली होती. "वाईट झालं. चांगला माणूस होता. कधी जास्त बोलला नाही."

"त्याला बोलायला आवडत नव्हतं."

"संधी मिळाली असती तर कळलं असतं."

अट्रॅक्टा तिच्या शेजारच्या खुर्चीत बसली, काठी गुडघ्यांमध्ये धरली आणि सगळं ऐकता येईल अशी थोडी पुढे वाकली. डावा कान तिला कमी ऐकू यायचा. तिनं उजवा पुढे केला.

"आजी," ऊना काउंटरवरून वळली, "काळजी करू नकोस. कॉनरनं तिकडे बॉस्टनला बसून बरंच शोधलंय. त्याला विचारते."

कॉनर म्हणजे बॉस्टनचा पणतू. तीन वर्षं तो पोरगा रोज रात्री संगणकावर आयर्लंडच्या जुन्या नोंदी उपसत होता. शंभर वर्षं उलटलेली जन्मनोंद कोणालाही घरबसल्या पाहता येते, एवढं डीलियाला ठाऊक होतं. म्हणजे आज नाही तर वर्षभरानं तिचंही पान त्या पोराच्या पुढ्यात येणारच होतं.

"त्यानं रविवारसाठी केवढा तक्ता केलाय माहितेय? हॉलची अख्खी भिंत भरेल." ऊनानं फोन पुढे केला. "सगळ्यांना तेव्हाच दाखवणार होतो, पण बघ आता."

डीलियानं चष्मा लावला नाही. "तूच सांग काय काय आहे ते."

"हे खाली आम्ही सगळे. एकशे चार जण! मग वर सात जण, म्हणजे तुझी पोरं. मग तू आणि आजोबा. आणि सगळ्यात वर, हा बघ, मार्टिन मुनेली. कॉनरला सापडला, आजी! पंचवीसच्या फेब्रुवारीत होडी उलटून बुडाला. पण त्याला एक बायको आणि चार पोरं दिसतात, ते काही जुळत नाही. कॉनर म्हणतो ती पहिली बायको असेल."

"ती पहिली नव्हती," डीलिया म्हणाली. "ती एकच होती. मेरी मुनेली. तो गेल्यावर बारा वर्षं काळ्या कपड्यांत होती."

ऊनाला काही कळलं नाही. शेजारी अट्रॅक्टा मात्र हलायची थांबली.

"आणि बार्बरा कुठेय त्यात?" डीलियानं विचारलं.

"कोण बार्बरा?"

डीलिया नातीच्या तोंडाकडे पाहत राहिली. एकशे चार माणसं. भिंतभर तक्ता. अकरा मैल चाललेली आजी सगळ्यांना ठाऊक होती, तिच्यावरून सगळे हसलेही होते, आणि तिचं नाव एकालाही माहीत नव्हतं. असणार कसं? डीलियानं कधी ते उच्चारलंच नव्हतं. बार्बरा लाव्हेल म्हटलं की आईचं माहेर लाव्हेल, मग बापाचं काय, मग मुनेली कोण, असं एकामागून एक सगळं उलगडत गेलं असतं. एक खोटं झाकायला तिनं सगळ्यात खरं माणूस झाकून टाकलं होतं.

ते खोटं सहा वर्षांच्या पोरीचं होतं. शाळेचा पहिला दिवस, मास्तरांनी बापाचं नाव विचारलं. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. आदल्या रात्री शेकोटीपाशी मोठ्या माणसांनी बुडालेल्या मार्टिन मुनेलीची आठवण काढली होती. तेच नाव तोंडात आलं. घरी येऊन ती रडली, तेव्हा आजी निखाऱ्यांवरचा ब्रेड उलटत होती. तिनं मारलं नाही, रागावली नाही. "हवा असेल तर घे तो," म्हणाली. "मेलेला माणूस नाही म्हणत नाही."

मग त्याच शेकोटीपाशी, पोर दहा वर्षांची झाल्यावर, आजीनं दुसरी गोष्ट सांगितली. तिची सबीना, म्हणजे डीलियाची आई, लग्नाआधी गरोदर राहिली, तेव्हा पाद्री दोनदा घरी आले. पोरीला शहरातल्या नन्सच्या घरी पाठवा म्हणाले. तिथं बाळंतपण होईल, पुढचं त्या बघतील. तिथून पोरी परत यायच्या, बाळं यायची नाहीत. तिसऱ्यांदा पाद्री आले तेव्हा बार्बरा निखारे उचलायचा चिमटा हातात घेऊन दारात उभी राहिली. चिमटा उगारला नाही, नुसता धरला. ते बाहेरच्या बाहेर परत गेले. डीलिया त्याच शेकोटीपाशी जन्मली. सबीना पुढे दोन वर्षांनी इंग्लंडला कामाला गेली आणि तिकडेच राहिली, पण पोर कुठं गेली नाही.

डीलियानं पर्स ऊनाच्या हातात दिली. खुर्चीचे हात धरून ती उठली, आणि ऊना आधार द्यायला आली तिला तिनं कोपरानं बाजूला केलं. काउंटरपाशी जाऊन ती उभी राहिली.

"पोरा, लाव्हेल बघ."

"काय म्हणालात?"

"लाव्हेल. ड्रुमशीलची. आई सबीना लाव्हेल." ती आवाज चढवून बोलली, अट्रॅक्टाच्या डाव्या कानालाही पोचेल असा. "आणि बाप शोधत बसू नकोस. त्या रकान्यात काही लिहिलेलं नाही. पंधरा जून."

ऊनाच्या हातातला फोन खाली आला. "आजी..."

"तू थांब. आधी त्याला बघू दे."

फिंटन डर्कननं संगणकावर चार अक्षरं टाकली. तो थांबला, उठला आणि मागच्या खोलीत गेला. आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांवर एक जाडजूड वही होती, कडा झिजलेल्या, पाठीला कातडं. इतका वेळ थट्टेवर असलेला तो पुलाकडचा डर्कन आता वही बाळासारखी सांभाळून आणत होता. त्यानं ती काउंटरवर उघडली.

"आहे," तो म्हणाला. "ही बघा."

"चष्मा घरी राहिला. तूच वाच."

चष्मा तिच्या गळ्यात होता. ऊनानं तो पाहिला. आयुष्यात पहिल्यांदाच पाहावा तसा पाहिला.

"नाव, डीलिया. जन्म पंधरा जून, एकोणीसशे पंचवीस. मुलगी. बापाचं नाव..." त्याचा आवाज एकदम खाली गेला.

"मोठ्यानं वाच. शंभर वर्षांची मी, आणि लाजतोस तू?"

"बापाचं नाव, रेघ. बापाचा धंदा, रेघ. आईचं नाव, सबीना लाव्हेल." त्यानं बोट पानावरून खाली नेलं. मग वर. मग पुन्हा तिच्या ओळीवर आणलं. "मिसेस किलबेन, या पानावर रेघ असलेली आणखी दोन बाळं आहेत. दोघांच्या जन्माच्या जागी नन्सचं घर लिहिलंय."

"आणि माझ्या?"

"ड्रुमशील."

"पुन्हा वाच."

"ड्रुमशील."

तिनं मान हलवली. "पुढं."

"माहिती कोणी दिली त्याची सही. बार्बरा लाव्हेल, तिची निशाणी. जन्माच्या वेळी हजर. ड्रुमशील. नोंद केली एकवीस जुलैला."

"बेचाळीस दिवसांची मुदत होती," डीलिया म्हणाली. "सबीनाला ताप होता, म्हणून आजीच निघाली. तेव्हा शहरातला डॉक्टरच नोंद करायचा. बापाचं नाव सांग म्हणाला तिला. ती म्हणाली, तो हजर नव्हता, मी होते. तेच लिही."

"तेच लिहिलंय," फिंटन म्हणाला.

"निशाणी कुठेय?"

त्यानं तिचं बोट धरून पानावर टेकवलं. डॉक्टरचं अक्षर बारीक, तिरपं, एकमेकांत गुंतलेलं होतं. 'बार्बरा' आणि 'लाव्हेल' या दोन शब्दांच्या मधोमध एक फुली होती. टाक जोरात दाबून काढलेली, एक पाय ओळीबाहेर गेलेला. शंभर वर्षांनीही कागद तिथं बोटाला खोलगट लागत होता.

हे मात्र डीलियाला कोणी वाचून दाखवायला नको होतं.

मग मागून काठी वाजली.

"माझ्या आईनं पाहिलं होतं तिला," अट्रॅक्टा म्हणाली. "त्या दिवशी. आई नऊ वर्षांची होती. गावामागून एक वाट होती, शेतांच्या कडेनं. सगळ्यांना वाटलं, बार्बरा तिकडून जाईल. ती भर रस्त्यानं गेली. चर्चवरून, पाद्र्यांच्या घरावरून. आणि बाळ शालीत झाकलेलं नव्हतं. खांद्यावर उभं धरलं होतं, सगळ्यांना तोंड दिसेल असं. आई म्हणायची, राणी गेल्यासारखी गेली."

डीलिया हळूच वळली. "तुला माहीत होतं?"

"मला काय, आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. आई मरेपर्यंत ही गोष्ट सांगायची."

"सत्तर वर्षं! आणि ते टोमणे? दर रविवारी?"

"ते तुझ्या सोडा ब्रेडवरून होते," अट्रॅक्टा म्हणाली. "दगड होतो तुझा ब्रेड. ते मी अजूनही बोलणार."

डीलियानं तिच्याकडे पाहिलं. मग काउंटरवरचा हात काढून तिनं तो अट्रॅक्टाच्या काळ्या बाहीवर क्षणभर ठेवला, आणि लगेच काढून घेतला. "टॉमीच्या मातीला मी येणार आहे," म्हणाली. "ब्रेड घेऊन येते."

फिंटननं दाखला छापून दिला. कोरा करकरीत कागद, त्यावर सरकारी शिक्का. डीलियानं तो वरून खालून पाहिला. "फुली कुठेय?"

"छापील दाखल्यात नुसतं 'निशाणी' येतं, मिसेस किलबेन."

"मग हा राष्ट्राध्यक्षांना पाठव. मला फुली पाहिजे."

त्यानं एकदा दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि वही उचलून प्रत काढायच्या यंत्राकडे गेला. अख्ख्या पानाची प्रत त्यानं तिच्या हातात दिली. तिनं ती घडी न घालता धरली.

बाहेर गाडीत बसल्यावर ऊनानं किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. "आजी, मग मार्टिन मुनेली?"

"त्याला त्याच्या बायकोकडं परत पाठव. तिचा होता तो. मीच पळवला होता. कॉनरला आजच सांग."

"आणि तक्त्यात सगळ्यात वर?"

"वर बार्बरा लाव्हेल. मोठ्या अक्षरांत. आणि नावाच्या मधोमध ही फुली काढायची, अश्शी, पाय बाहेर गेलेली. सरळ काढलीस तर मी हॉलमध्ये पाऊल ठेवणार नाही."

"ऑस्टिनकाकाला काय सांगू?"

"ऑस्टिनला मी सांगेन. बूट पुसून ये म्हणावं." तिनं कागद मांडीवर सरळ केला. "हे तुझ्या गाडीतलं, किती चाललो ते सांगणारं. ते शून्यावर आण."

ऊनानं ते शून्यावर आणलं.

"आता ड्रुमशीलला घे. नव्या रस्त्यानं नाही, जुन्या."

जुना रस्ता पाण्याच्या कडेनं जात होता, मग जळणासाठी काळी माती खणतात त्या पीटच्या रानातून. एका चढावर गाडीचा आवाज जड झाला, तेव्हा डीलियानं आपल्या पायांकडे पाहिलं. ड्रुमशीलमध्ये चर्चवरून, पाद्र्यांच्या बंद घरावरून गाडी पुढे गेली आणि छप्पर नसलेल्या एका घराच्या जोत्यापाशी थांबली. चूल होती त्या बाजूची भिंत अजून उभी होती.

ऊनानं आकडा पाहिला. ओठांतल्या ओठांत हिशेब केला आणि पुन्हा केला. "सतरा किलोमीटर आणि वर सातशे मीटर," ती हळू आवाजात म्हणाली. "अकरा मैल, आजी. बरोबर अकरा."

"आणि परतीचे?" डीलिया म्हणाली. "परतीचे धर की. मला परत घेऊन आली होती ती."